वर म्हणजे कुठे

ऊल्बोसिन या नावाचा अर्थ ‘मुलगा होऊ दे’. आईबापांना मुलींवर मुली झाल्या, म्हणून धाकटीच्या कपाळी त्यांनी ही विनंती चिकटवून टाकली. देवाने ती वाचली आणि आणखी एक मुलगी पाठवली. "माझं नाव म्हणजे चुकीच्या पत्त्यावर गेलेला अर्ज आहे," असं ऊल्बोसिन आपा स्वतःच सांगते आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसते.

आल्माटीच्या तेरेक्ती रस्त्यावर दुकानासाठी जागा हवी असेल तर आपाला गाठायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिला दलाल म्हटलेलं मात्र खपत नाही. "दलाल जागा विकतो, मी सोयरिकी जुळवते," म्हणते. आमच्या रस्त्यावर दुकानासाठी म्हणून बांधलेलं मुळात काहीच नव्हतं. सगळ्या जुन्या चार मजली इमारती. माणूस तळमजल्याचं बिऱ्हाड घेतो, रस्त्याकडची खिडकी फोडून दार करतो, बाहेर पायऱ्या बांधतो, आणि कालपर्यंत जिथे कुणाची तरी मावशी लोणच्याच्या बरण्या ठेवायची तिथे आज दात उपटतात. कुठली खिडकी कुणासाठी फोडायची, हे आपा ठरवते.

मी तोक्तार. किल्ल्या बनवतो, अडलेली कुलपं उघडतो. माझी टपरी एका इमारतीच्या जिन्याखाली आहे, तीही आपानेच मिळवून दिली. तेव्हा म्हणाली होती, "तोक्तार, तुझं तोंड हे असं आंबट. तुला मोक्याच्या जागी बसवलं तर गिऱ्हाईक पळून जाईल. किल्ली हरवलेला माणूस मात्र कुठेही शोधत येतो, आणि त्याचं तोंड तुझ्याहून आंबट असतं." हे बोलणं मला मुळीच आवडलं नव्हतं. धंदा मात्र बरा चालतो.

नवा दुकानदार आला की ती आधी त्याला स्वयंपाकघरात बसवून दुधाचा चहा पाजते. भाड्याची गोष्ट शेवटी. आधी विचारते, "तुझ्याकडे येणारा माणूस घाईत असतो का निवांत?" घाईत असेल तर बसथांब्याजवळ. निवांत असेल तर बाकड्यांजवळ. एकदा एक गडी एका औषधांच्या दुकानाला चिकटून दुसरं औषधांचं दुकान टाकायला निघाला होता. आपाने त्याच्या कपात चहा ओतता ओतता विचारलं, "तुझं लग्न झालंय?" तो म्हणाला, झालंय. "मग शेजारच्या खोलीत दुसरी बायको आणून ठेव. एक महिना राहून दाखव. जमलं तर ये, जागा देते." गडी पुन्हा दिसला नाही. चहा मात्र पूर्ण पिऊन गेला.

आमच्या रस्त्यावर धंद्यांच्या साथी येतात. आधी नोटा बदलून देणाऱ्या खिडक्यांची आली, मग मोबाइलची, मग औषधांची. मग प्रत्येक तरण्या पोराला कॉफी विकायची होती. मोठाले मॉल उभे राहिले तेव्हा सगळे म्हणाले, रस्ता मेला. आपा म्हणाली, "मेला नाही, डुलकी काढतोय." पुढे लोक फोनवरून वस्तू मागवायला लागले आणि त्यांची पार्सलं वाटायला गल्लोगल्ली जागा लागायला लागल्या. तिथे आपाचं डोकं असं काही चाललं की विचारू नका. "पार्सल न्यायला माणूस घरातल्या पायजम्यात उतरतो," ती मला मोठ्या गंभीरपणे म्हणाली, "आणि पायजम्यातला माणूस रस्ता ओलांडत नाही. म्हणजे वरच्या अंगाला एक पार्सलवाला हवा, खालच्या अंगाला एक." तसंच झालं. दोघेही अजून टिकून आहेत.

आता हे वरचं अंग आणि खालचं अंग. उत्तर-दक्षिण आमच्याकडे फक्त शाळेच्या पुस्तकात असतं. डोंगराकडे जाल ते वर, डोंगराला पाठ दाखवाल ते खाली. डोळे बांधून उभं केलं तरी आल्माटीचा माणूस चुकायचा नाही, पोटऱ्या सांगतात त्याला. आमचा रस्ता आडवा जातो, म्हणून त्याला डोंगराकडची एक वरची बाजू आहे आणि पलीकडची एक खालची. वरच्या अंगाच्या इमारती हिवाळाभर आपल्याच सावलीत कुडकुडत उभ्या असतात. त्यांच्यासमोरचा बर्फ हलायचं नाव घेत नाही, आणि दुकानदारांनी हौसेने पायऱ्यांना लावलेल्या गुळगुळीत फरश्यांवर अर्धी आल्माटी आपटलेली आहे. खालच्या अंगाच्या खिडक्यांवर मात्र दिवसभर ऊन.

आपाचं घर खालच्या अंगाला, तळमजल्यावर, उन्हात. तिला एकच गोष्ट हवी होती. रस्त्यावर उघडणारं स्वतःचं दार. जन्मभर दुसऱ्यांच्या खिडक्यांची दारं करून दिली, आणि स्वतः मात्र मागच्या अंगणातून, कचऱ्याच्या पेट्यांना वळसा घालून घरात शिरायची. आधी नवरा नको म्हणायचा, मग मुलींची लग्नं निघाली, मग नवरा गेला. "दार असेल," ती सांगायची, "आत दोन टेबलं, दारावर घंटी. ज्याला जागा हवी तो रस्त्यावरून थेट येईल. चोरासारखा मागून नाही." हे सांगताना तिचा आवाज इतका मऊ व्हायचा की मी मुद्दाम किल्ली घासायचं यंत्र चालू करायचो. असल्या आवाजापुढे मला बसवत नाही.

गेल्या शरद ऋतूत शहराची नवी योजना निघाली. शाळेच्या सभागृहात सगळ्यांना ऐकायला बोलावलं. योजना सांगायला मादियार नावाचा तरुण आला होता, राजधानीचा, अस्तानाचा, बारीक अंगाचा आणि फार सभ्य. त्या दिवशी पडद्यावर चित्र दाखवायचं यंत्र रुसलं, म्हणून बिचाऱ्याने सगळं तोंडीच सांगितलं. दोन्ही बाजूंना दारं फोडफोडून पदपथाची चाळण झाली आहे. आता आहेत ती दुकानं राहतील, पण नवी दुकानं एकाच बाजूला. तिथे पदपथ रुंद होईल, झाडं लागतील. दुसऱ्या बाजूला लोक शांतपणे राहतील.

"कुठली बाजू?" आपाने उभं राहून विचारलं.

मादियारने समोरच्या कागदावर बोट ठेवलं. "वरची, आपा. वरच्या बाजूला दुकानं. खालच्या बाजूला नवं दार फोडता येणार नाही."

आपा खाली बसली. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. खालच्या अंगाला नवं दार नाही, म्हणजे तिचं दार कायमचं बंद. मी मनात म्हटलं, चला, आता तरी हे खूळ जाईल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बाई ताटभर बाउरसाक, पिठाचे तळलेले गोळे, घेऊन रस्ता ओलांडतेय.

तिच्या घरासमोर, वरच्या अंगाला तळमजल्यावर, कुआनिश आणि अक्बोता राहायचे. शिमकेंतहून आलेलं तरुण जोडपं. त्यांची तान्ही पोर त्या अंधाऱ्या घरात सारखी खोकायची. आपा त्यांच्यापुढे बाउरसाक ठेवून म्हणाली, "पोरीला ऊन हवं. माझ्याकडे ऊनच ऊन आहे, आणि मला म्हातारीला ते घेऊन करायचंय काय? घरं सारखीच आहेत. अदलाबदल करू." अक्बोता तिच्या गळ्यात पडून रडली. सभेला ती दोघं आली नव्हती, पोरीला ताप होता. योजनेचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, आणि आपाने सांगितलंही नाही.

"आपा," मी म्हटलं, "वरच्या अंगाचा भाव चढणार, हे त्यांना बोललात का?"

"त्यांनी विचारलं नाही."

"ठाऊकच नसेल तर विचारतील कसे?"

"तोक्तार, तू किल्ल्या बनव."

बर्फ पडायच्या आत दोघांनी बिऱ्हाडं हलवली. आपाचं कपाट रस्त्याच्या मधोमध अडकलं आणि गाडीवाल्यांनी आमच्या सात पिढ्यांची आठवण काढली. कागद तेवढे राहिले. कुआनिशचा कुठलासा दाखला शिमकेंतहून यायचा होता, म्हणून नोटरीने नव्या वर्षातली तारीख दिली. आपाला कसली घाई! नव्या घरात शिरल्या शिरल्या तिने रस्त्याकडची खिडकी विती टाकून मोजली. दार उजवीकडे उघडायचं का डावीकडे, यावरून माझ्याशी भांडली. हिवाळा सुरू झाला आणि ती स्वतःच्याच इमारतीसमोर आपटली, तीसुद्धा हसत हसत. "वरच्या अंगाने पाया पडून घेतलं," म्हणाली.

जानेवारीत माझ्या टपरीच्या पाटीसाठी परवानगी काढायला मी शहराच्या कचेरीत निघालो. आपा बरोबर आली, कारण कुणालाही साहेबासमोर एकट्याने बोलू द्यायचं म्हणजे तिच्या जिवावर येतं. तिथे लांबलचक ओसरीत योजनेचा मोठा रंगीत नकाशा टांगला होता. लोक त्याच्यासमोरून टोप्या झटकत चालले होते, बघत कुणी नव्हतं. आपा थांबली. वर बघितलं, खाली बघितलं, मान वाकडी करून बघितलं.

"तोक्तार, डोंगर कुठे गेले?"

मी शोधले. डोंगर नकाशाच्या तळाशी होते, तपकिरी रंगाचे, चौकटीला टेकलेले.

"डोंगर खाली घातलेत!" ती ओरडली. "ओयबाय! कागद उलटा टांगलाय!"

नेमका मादियार हातात चहाचा पेला घेऊन चालला होता. आपाने त्याला बाहीला धरून थांबवलं. "बाळा, हा सरळ करा आधी. लोक हसतील."

"सरळच आहे, आपा. नकाशात उत्तर वर असते."

"कुणी ठेवली तिथे?"

मादियारने प्रामाणिकपणे विचार केला. "सगळ्या जगात तशीच ठेवतात."

"मग आमच्या डोंगरातलं पाणी काय खालून वर चढतं?"

"नकाशात पाणी चढत नाही आणि उतरतही नाही, आपा. थांबलेलं असतं."

त्या पोराला मी दोष देत नाही. अस्तानाची जमीन पोळपाटासारखी सपाट, तिथे वर म्हणजे आभाळ आणि नकाशाची वरची कड. आमच्या गावात त्याच शब्दाला डोंगर चिकटलेला असतो, हे त्याला कोण सांगणार? आणि आम्ही तीनशे माणसं सभागृहात बसलो होतो, एकालाही वाटलं नाही की वर म्हणजे आणखी कुठे असू शकतं.

आपाने बोट उचलून विचारलं, "म्हणजे दुकानं…?"

"या बाजूला." त्याने रस्त्याच्या वर लाल रंगवलेली पट्टी दाखवली. डोंगरापासून लांबची. तिचं जुनं घर. "ऊन इकडे पडतं, हिवाळ्यात लोक इकडूनच चालतात. पलीकडे बर्फ असतो, तिथे दुकानं काढून उपयोग काय?"

"शहाणा आहेस," आपा म्हणाली. "आईला माझा सलाम सांग."

बाहेर येऊन ती कचेरीच्या पायरीवर बसली. मी शेजारी उभा राहिलो. सोन्यासारखी जागा तिने स्वतःच्या हाताने देऊन टाकली होती आणि बदल्यात बर्फ घेतला होता, तोही धूर्तपणा करून.

मग मी कामाचं बोललो. "आपा, अजून कुणाला कळलेलं नाही. कागद सोमवारी होणार. उद्याच जा, म्हणावं गुडघे दुखतात, वरच्या अंगाचा बर्फ झेपत नाही. पोरं भली आहेत, लगेच परत देतील."

"गुडघे दुखतातच."

"मग खोटंसुद्धा नाही!"

मी तेव्हाही बरोबर होतो आणि आजही बरोबर आहे. फार तर घर परत आल्यावर त्यांच्या पोरीसाठी दुसरं उन्हाचं घर शोधून दिलं असतं, तिला काय अवघड होतं? पण मला कोण विचारतंय.

दुसऱ्या दिवशी ती गेली. मी टपरीतून बघत होतो. गेली तेव्हा लंगडत होती, चांगलं ठळक लंगडत होती. परत आली ती ताड ताड पावलं टाकत, रागाने लाल.

"काय झालं?"

"पोर उन्हात गोधडीवर लोळतेय. खोकला गेला. अक्बोताने चहा दिला आणि मी तोंड उघडायच्या आधी तीच म्हणते, आपा, वरच्या अंगाला तुमच्या गुडघ्यांना त्रास होतो का? आम्हाला रोज वाईट वाटतं. एक शब्द बोला, आजच सामान उचलतो."

"मग! आयतं ताटात वाढलं!"

"मी म्हटलं, गुडघे? माझे गुडघे घोडीसारखे आहेत!" आणि तिने माझ्या टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की किल्ल्या उडाल्या. "एकदा गोड बोलून त्यांना फसवायला गेले, तर माझाच खिसा कापून आले. आता दुसऱ्यांदा जाऊ? याच तोंडाने?"

मग ती माझ्या मोडक्या स्टुलावर बसली. आपा गप्प आहे म्हटल्यावर समोरचा न्हावी हातात कात्री घेऊन विचारायला आला, कुणी वारलं का. तो गेल्यावर ती हळूच म्हणाली, "पण मला दार हवं होतं रे, तोक्तार."

मी यंत्र चालू केलं नाही. मला फार वाईट वाटलं. इतकं की आपलंच काही हरवलंय असं वाटायला लागलं.

रविवारी, नोटरीच्या आदल्या दिवशी, ती माझ्याकडे आली तेव्हा अंगावर मखमली जाकीट, डोक्याला नवा रुमाल. "चल," म्हणाली. "कुठे?" "साक्षीला." आम्ही रस्ता ओलांडून खाली गेलो, अंगणातून, कचऱ्याच्या पेट्यांना वळसा घालून. तिच्या जुन्या दारापुढे उभं राहून तिने दार ठोठावलं नाही. छाती भरून श्वास घेतला आणि अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "सुयिंशी! सुयिंशी!"

आमच्यात आनंदाची बातमी आणणारा असाच ओरडत येतो. आधी बक्षिसाने त्याचा हात भरायचा, मगच तो बातमी सोडतो. कुआनिश अर्धी दाढी केलेला तसाच धावत आला. अक्बोता मागून, कडेवर पोर.

"काय, आपा, काय? मागा, हवं ते मागा!" त्याने रिवाजाप्रमाणे म्हटलं आणि मनगटावरचं घड्याळ काढायला लागला.

"घड्याळ ठेव. मला शब्द हवा."

"कसला?"

"बातमी ऐकल्यावर हे घर मला परत देऊ करायचं नाही. तू नाही, हिने नाही. आज नाही, उद्या नाही. मी मागितलं तरी नाही."

"पण तुम्ही कशाला मागाल?"

"मागेन. मी मला चांगली ओळखते. आधी शब्द द्या, नाहीतर बातमी घेऊन चालले."

कुआनिशने बायकोकडे पाहिलं, बायकोने माझ्याकडे, मी छताकडे. "दिला," अक्बोता म्हणाली.

मग आपाने आत येऊन, रस्त्याकडच्या खिडकीपाशी उभं राहून सगळं सांगितलं. सभा, नकाशा, तळाशी घातलेले डोंगर. स्वतःचंही सांगितलं, काही झाकलं नाही. "मला वाटलं भाव वर चढणार, म्हणून तुम्हाला ऊन दिलं आणि मनात म्हटलं, पोरं भोळी आहेत. भोळी मी निघाले. ही खिडकी आता तुमची. फोडा, दार करा. पार्सलवाल्याला देऊ नका, आहे तो पुरे. लहान मुलांच्या बुटांचं दुकान घाला, शेजारी न्हावी आहे, आया पोरांना घेऊन येतात आणि खोळंबतात. आणि पायऱ्यांना गुळगुळीत फरशी लावलीत तर तंगड्या तोडीन."

कुआनिशच्या गालावरचा फेस सुकत चालला होता. मग त्याचे कान लाल झाले आणि तो म्हणाला, "आपा, पण हे तर तुमचं—"

"शब्द!"

मग अक्बोताने तोंड उघडलं.

"शब्द!" आपा पुन्हा गरजली. पोर दचकली आणि खुदकन हसली.

मग आपा त्या खिडकीकडे वळली. ऊन तिच्या नव्या रुमालावर पडलं होतं. तिने खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला, वरपासून खालपर्यंत फिरवला, दार केवढं झालं असतं ते बघितल्यासारखा. "बरं, मी काय म्हणते," ती हळू आवाजात म्हणाली, "जर समजा—"

"शब्द, आपा," अक्बोता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण ती मागे हटली नाही.

आपाने तिच्याकडे बघितलं, मान हलवली आणि तोंड मिटलं. अक्बोताने तिला बसवून पोर तिच्या मांडीवर दिली आणि चहा ओतायला घेतला.